आल्फ्रेड रसेल वॉलेस व प्राण्यांचीं सोंगें

आमच्या शाळेच्या विहिरीजवळ कागदी लिंबाचें एक जुनें झाड आहे. पावसाळा सरत आला म्हणजे त्याच्या कोंवळ्या पानांवर पक्ष्यांची शीट पडावी तसे काळे-पांढरे ठिपके दिसूं लागतात. कुतूहलानें कोणी काडीनें डिवचलें, तर तो ठिपका डोकें उचलतो, मानेंतून तांबडीं मऊ शिंगें बाहेर काढतो आणि असा उग्र दर्प सोडतो कीं, डिवचणारानें हात मागें घ्यावा! हा सुरवंट होय. कांहीं दिवसांनीं कात टाकून तो पानासारखा हिरवागार होतो. म्हणजे शिटीचें सोंग टाकून पानाचें सोंग घेतो. गेल्या वर्षीं आम्हीं असे आठ-दहा सुरवंट पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवून, रोज ताजा पाला घालून वाढविले. कोश फुटले तेव्हां आंतून काळीं फुलपांखरें निघालीं. परंतु तीं सर्व सारखीं नव्हतीं. बहुतेकांच्या मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एकच ओळ होती, तर दोघांच्या पंखांवर मध्यें पांढरा डाग व कडेला तांबडे ठिपके होते. एकाच झाडावरचे, एकाच रूपाचे सुरवंट. मग फुलपांखरें दोन तऱ्हांचीं कशीं? कोणी तरी खोकें बदललें असें समजून आम्हीं एकमेकांवर आळहि घेतला. पुढें पुस्तकें चाळतांना असें कळलें कीं, हाच घोटाळा युरोपांतील मोठमोठ्या पंडितांचाहि झाला होता, आणि ज्यानें तो निस्तरला त्या गृहस्थाचें सबंध आयुष्य अशाच कोड्यांच्या पाठीमागें गेलें. त्याचें चरित्र येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आल्फ्रेड रसेल वॉलेस याचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजीं वेल्समधील अस्क गांवाजवळ झाला. बापानें कायद्याची परीक्षा दिली होती, परंतु वकिली कधीं केली नाहीं. जो कांहीं पैसा होता तो नसत्या उद्योगांत बुडाला. घरांत मुलें पुष्कळ. तेव्हां हर्टफर्ड येथील शाळेंतून वयाच्या चौदाव्या वर्षींच आल्फ्रेडला बाहेर पडावें लागलें, व त्यानंतर कोणत्याहि शाळेंत किंवा विद्यापीठांत विद्यार्थी म्हणून त्याचें पाऊल पडलें नाहीं. थोरला भाऊ विल्यम जमीनमोजणीचें काम करीत असे; त्याच्या हाताखालीं तो सांखळी ओढूं लागला. शेतेंबांधें तुडवीत रानोमाळ हिंडण्याच्या या कामांत त्याला झाडाझुडपांचा नाद लागला. वनस्पतिशास्त्रावरील एक स्वस्त पुस्तक त्यानें विकत घेतलें. मोजणीचें काम नसेल तेव्हां हा मुलगा ओढ्याकांठीं फुलें घेऊन बसलेला असे.

पुढें काम मंदावलें तेव्हां १८४४ सालीं लेस्टर शहरांतील एका शाळेंत त्यानें शिक्षकाची नोकरी धरली. ती फार दिवस टिकली नाहीं. पण त्या गांवीं दोन गोष्टी अशा घडल्या कीं, त्यांवर पुढचें सारें आयुष्य उभें राहिलें. एक म्हणजे तेथील ग्रंथालयांत त्यानें माल्थस या लेखकाचा लोकसंख्येवरील ग्रंथ वाचला. दुसरी म्हणजे हेन्री वॉल्टर बेट्स नांवाच्या तरुणाशीं त्याची मैत्री झाली. बेट्सला भुंगेऱ्यांचें वेड होतें. एकट्या लेस्टरच्या आसपास शेंकडों प्रकारचे भुंगेरे सांपडतात हें ऐकून वॉलेस थक्क झाला, व थोड्याच दिवसांत तोहि हातांत जाळें घेऊन हिंडूं लागला. इतक्या जाति आल्या कोठून, आणि प्रत्येक जाति आपापल्या ठिकाणाला इतकी चपखल बसते ती कशी, हा प्रश्न दोघांनाहि स्वस्थ बसूं देईना. अखेर असें ठरलें कीं, जेथें प्राण्यांची गर्दी सर्वांत दाट, त्या विषुववृत्ताच्या अरण्यांतच जाऊन पाहावें. पैसा नव्हताच. मिळतील ते कीटक व पक्षी लंडनच्या दलालाकडे पाठवावयाचे, तो ते संग्राहकांना विकील, व त्यावर पोट भरावयाचें, असा बेत करून हे दोघे तरुण १८४८ सालीं दक्षिण अमेरिकेंतील आमेझॉन नदीच्या मुखाशीं उतरले.

तेथें वॉलेसनें चार वर्षें काढलीं. कांहीं काळानें बेट्स एका वाटेनें गेला, हा दुसऱ्या वाटेनें रिओ नेग्रो या काळ्या पाण्याच्या नदीवर दूर दूर गेला. धाकटा भाऊ हर्बर्ट मदतीला आला होता. परंतु रानांतलें हें जिणें त्याला मानवलें नाहीं. घरीं परत जाण्यासाठीं तो पारा बंदरावर आला, आणि तेथें पीतज्वरानें १८५१ सालीं वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं मरण पावला. त्याची शुश्रूषा बेट्सनें केली. सख्खा भाऊ त्या वेळीं शेंकडों मैल आंत होता, व ही बातमी त्याच्या कानीं पडण्यास कित्येक महिने लागले. भावाला आपणच बोलावलें होतें, ही टोंचणी वॉलेसच्या मनाला किती लागली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

याहून मोठा घाला अजून पडावयाचा होता. तापानें खंगलेला वॉलेस जुलै १८५२ मध्यें ‘हेलन’ नांवाच्या जहाजानें स्वदेशीं निघाला. बरोबर गेल्या दोन वर्षांतील निवडक संग्रह, रोजनिशा, चित्रें, आणि जिवंत पोपट व माकडें होतीं. ६ ऑगस्ट रोजीं भर अटलांटिक महासागरांत जहाजाला आग लागली. वॉलेसनें धुरानें कोंडलेल्या खोलींत शिरून हाताला आली ती पत्र्याची लहान पेटी उचलली. तींत मासळ्यांचीं व ताडमाडांचीं कांहीं चित्रें आणि थोडीं टिपणें होतीं. दोरावरून होडींत उतरतांना त्याच्या बोटांची सालटीं निघालीं, व मग त्याच हातांनीं खारें पाणी उपसावें लागलें. माकडें व पोपट जळत्या जहाजाच्या टोंकाशीं गोळा झाले होते. त्यांपैकीं पाण्यांत पडलेला एक पोपट तेवढा वांचला. चार वर्षांच्या कष्टांचें होत्याचें नव्हतें झालें. उघड्या होडींत दहा दिवस व दहा रात्री काढल्यावर एका जुनाट जहाजानें त्यांना उचललें. त्यावरहि अन्न अपुरें व वादळें दांडगीं. शेवटीं १ ऑक्टोबरला तो इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाय टेंकूं शकला. त्याचा दलाल सॅम्युएल स्टीव्हन्स मोठा दूरदर्शी. त्यानें मालाचा २०० पौंडांचा विमा उतरविलेला होता, म्हणून वॉलेसवर भीक मागण्याची पाळी आली नाहीं एवढेंच.

दुसरा कोणी असता तर मोजणीची सांखळी पुन्हा खांद्यावर टाकून गप्प बसला असता. वॉलेसनें वांचलेल्या टिपणांवरून दोन पुस्तकें लिहिलीं, आणि दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच तो पुन्हा बाहेर पडला. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या शिफारशीनें त्याला आगबोटीचें भाडें पडलें नाहीं. एप्रिल १८५४ मध्यें तो सिंगापुरास उतरला, व पुढें आठ वर्षें सुमात्रापासून न्यू गिनीपर्यंतच्या बेटांत भटकत राहिला. या अवधींत तो सुमारें १४,००० मैल हिंडला, व त्यानें १,२५,६६० नमुने गोळा केले; त्यांत एकटे भुंगेरेच ८३,२०० होते! हा आंकडा लिहितांना आमचीहि लेखणी अडखळते. अर्थात् हें काम एकट्याचें नव्हे. सारावाक येथें अली नांवाचा एक मलायी मुलगा त्याच्याकडे प्रथम स्वयंपाकाला राहिला. तो पुढें पक्षी टिपण्यांत, सोलण्यांत व भरण्यांत इतका तरबेज झाला कीं, वॉलेसच्या नांवानें प्रसिद्ध असलेला एक स्वर्गपक्षी प्रथम अलीनेंच बाचान बेटावर मारून आणला. वॉलेस आजारी पडला कीं अली त्याची सेवा करी. अली पडला कीं वॉलेस त्याची.

बोर्निओ बेटावर असतांना १८५५ सालीं एका चिनी मजुरानें वॉलेसला एक बेडूक आणून दिला, व हा उंच झाडावरून तिरपा उडत खालीं आला असें सांगितलें. बेडूक उडतो ही गोष्ट ऐकून दुसरा कोणी हंसला असता. वॉलेसनें मोजपट्टी काढली. बेडकाचें अंग सुमारें चार इंच लांब. परंतु बोटें अतिशय लांब, व त्यांमधला पडदा पार नखापर्यंत पोंचलेला. चारी पायांचे पडदे पसरले म्हणजे मिळून जवळजवळ बारा चौरस इंच जागा झांकीत. बोटांच्या टोंकांना झाडाला चिकटण्याच्या चकत्या होत्या. म्हणजे जो पडदा इतर बेडकांना पोहण्यास उपयोगी, तोच या झाडावरच्या बेडकाला छत्रीसारखा हवेंत तोलून धरी. एकाच अवयवाला परिस्थितीप्रमाणें नवें काम कसें मिळतें याचें हें उदाहरण त्याच्या मनांत ठसून राहिलें. या बेडकाचा एक भाऊबंद आमच्या सह्याद्रींतहि आहे. आंबोलीच्या रानांत पहिला पाऊस जोरानें कोसळला म्हणजे हे हिरवे बेडूक झाडावरून तरंगत उतरतात, व डबक्यावर लोंबणाऱ्या पानांत फेंसाचें घरटें करून त्यांत अंडीं घालतात. अंडीं फुटलीं कीं पिलें टपटप खालच्या पाण्यांत पडतात. पाण्यांतील शत्रूंपासून अंडीं दूर राहावीं, आणि पिलांना पाणी तर मिळावें, अशी ही सोय आहे.

१८५६ सालीं वॉलेस बाली बेटावरून शेजारच्या लोंबोक बेटावर गेला. मधली सामुद्रधुनी पंधरा-वीस मैलांची. हवा-पाणी दोन्हीकडे जवळजवळ सारखें. तरी पलीकडे उतरतांच पक्षी बदलले. बालीमध्यें आपल्याकडल्यासारखे सुतारपक्षी व तांबट होते. लोंबोकमध्यें ते नाहींत, आणि पांढरे काकाकुवे किंचाळत होते. पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचून त्याच्या कुजण्याच्या उबेनें अंडीं उबविणारे पक्षी तेथें होते. ही तऱ्हा ऑस्ट्रेलियाकडील. यावरून त्यानें असें अनुमान केलें कीं, केवळ हवामान प्राण्यांना घडवीत नाहीं. कोणत्या प्राण्याचे पूर्वज कोठून आले, व मध्यें जमीन होती कीं खोल समुद्र, हेंहि पाहावें लागतें. आशिया व ऑस्ट्रेलिया यांच्या प्राण्यांमधील ही सीमा आजहि नकाशांत वॉलेसची रेषा म्हणून दाखविली जाते.

आतां त्याच्या आयुष्यांतील मुख्य प्रसंगाकडे वळूं. फेब्रुवारी १८५८. मोलुक्काच्या बेटांत वॉलेस हिंवतापानें अंथरुणाला खिळला होता. बाहेर ऊन रणरणत असतां तो घोंगड्या पांघरून कुडकुडत पडे. थंडीचा भर असेतोंपर्यंत विचार करण्याखेरीज दुसरें कांहीं करतां येत नसे. अशा एका वेळीं चौदा वर्षांपूर्वीं लेस्टर येथें वाचलेला माल्थसचा ग्रंथ त्याला आठवला. माणसांची संख्या अन्नापेक्षां जलद वाढूं पाहते, व रोगराई, दुष्काळ आणि युद्धें तिला आवरतात, असें त्यांत दाखविलें होतें. प्राणी तर माणसांहून कितीतरी जलद वाढतात. मग दरसाल किती मरत असतील! आणि त्यांतून वांचतात ते कोण? या प्रश्नाबरोबर त्याला उत्तर सांपडलें. जे परिस्थितीला जरा अधिक जुळते, तेच बहुधा वांचतात.

हें थोडें उलगडून सांगितलें पाहिजे, कारण येथेंच पुष्कळांची चूक होते. समजा, एका हिरव्या कुरणांत टोळांचीं शंभर पिलें निघालीं. भावंडें असलीं तरी सर्वांचा रंग हुबेहूब एक नसतो; कोणी पिंवळट, कोणी तपकिरी, कोणी हिरवट. साळुंक्या चरावयास आल्या म्हणजे जें उठून दिसतें तें आधीं टिपतात. मागें राहिलेल्यांत हिरवट अधिक. त्यांचीं पिलें त्यांच्यावर जाणार. असें हजारों पिढ्या चालल्यावर टोळ गवतासारखा हिरवा झालेला दिसतो. टोळानें हिरवें व्हावें असें मनांत आणलें नाहीं, किंवा गवताचा रंग त्याच्या अंगाला लागला नाहीं. जिराफानें मान ताणून ताणून ती लांब झाली, असें पूर्वीं एक मत होतें. तें चुकीचें असल्याचें वॉलेसनें आपल्या निबंधांत स्पष्ट लिहिलें. जन्मतःच ज्यांची मान थोडी लांब होती, त्यांना दुष्काळांत वरचा पाला मिळाला व ते तगले. पुष्कळ कीटकांचे रंग माती, पानें किंवा झाडांच्या साली यांच्याशीं कां जुळतात, याचेंहि कारण त्यानें त्याच निबंधांत असेंच दिलें.

ताप उतरतांच दोन-तीन संध्याकाळींत त्यानें हा निबंध लिहून काढला, आणि तो पाठविला चार्लस डार्विनकडे. दैवयोग असा कीं, हाच विचार डार्विन वीस वर्षें मनांत घोळवीत होता, त्यानें त्यावर पुष्कळ लिहूनहि ठेविलें होतें. मात्र छापलें कांहींच नव्हतें. जून महिन्यांत टपाल हातीं पडलें तेव्हां डार्विनच्या पायांखालची जमीन सरकली. त्यानें आपल्या मित्रांचा सल्ला घेतला, व त्यांनीं दोघांचेंहि लिखाण १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटीपुढें एकत्र वाचविलें. डार्विनचें आधीं, वॉलेसचें मागून. वॉलेसला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. त्याची संमति विचारण्यास वेळहि नव्हता, व ती कोणी विचारलीहि नाहीं. आमच्या मतें ही गोष्ट सर्वस्वीं निर्दोष म्हणतां येत नाहीं. ज्याचा माल त्याला विचारावें हा साधा न्याय आहे, मग तो कितीहि दूर बेटावर असो. परंतु वॉलेसला जेव्हां हें कळलें तेव्हां त्यानें समाधानच मानलें. डार्विनचे कष्ट जुने व पुरावा मोठा, हें त्यानें मोकळ्या मनानें कबूल केलें. स्वतःचा प्रवासग्रंथ १८६९ मध्यें डार्विनला अर्पण केला, आणि या सिद्धांतावर पुढें जो ग्रंथ लिहिला त्याला नांवहि डार्विनचेंच दिलें. जहाज जळालें तेव्हां जें गेलें तें दैवानें नेलें. येथें मात्र मोठेपणाचा अर्धा वांटा त्यानें आपण होऊन दुसऱ्यापुढें सरकविला. असें करणारे विद्वान थोडे.

हा निबंध धाडल्यावरहि चार वर्षें वॉलेस बेटांतच होता, व आतां प्रत्येक प्राण्याकडे तो नव्या डोळ्यांनीं पाहूं लागला. सुमात्रांत एक देखणें फुलपांखरूं त्याला वारंवार हुलकावणी देई. उडतांना त्याचे जांभळे पंख व त्यांवरील नारिंगी पट्टा लांबून चमके. पण झुडपांत शिरलें कीं गडप. कितीदां तरी तें जेथें बसलें ती जागा डोळ्यांत धरून तो जवळ जाई, आणि हातीं वाळलेल्या पानांखेरीज कांहीं लागत नसे. शेवटीं एकदां तें बसतांना त्याला नीट दिसलें. पंख मिटले म्हणजे खालची बाजू सुकलेल्या पानाची होती. मधली शीर, तिला फुटलेल्या उपशिरा, बुरशी लागल्यासारखे काळे ठिपके, सर्व कांहीं होतें. मागील पंखाचें निमुळतें टोंक फांदीला टेंकलेलें, तें देंठासारखें दिसे. डोकें व मिशा पंखांमध्यें लपलेल्या. शिवाय तें हिरव्या पानांत न बसतां वाळक्या पानांतच बसे. नुसता रंग पुरत नाहीं, रंगाला साजेसें वागणेंहि लागतें, हें वॉलेसनें येथें नीट हेरलें. याच कुळांतलें पर्णफुलपांखरूं सह्याद्रीच्या दाट रानांत आहे. महाबळेश्वराकडे सहलीस गेलेल्यांनीं पायांखालचीं पानें जरा जपून तुडवावीं!

बुरू बेटावर तर पक्ष्यांनींच त्याला फसविलें. तेथें एक दांडगा, कलकलाट करणारा मधखाऊ पक्षी असतो. टोळीनें राहतो व कावळे-ससाण्यांनाहि पिटाळून लावतो. त्याच रानांत हळद्याच्या जातीचा एक दुबळा पक्षी आहे. आपल्याकडचा हळद्या सोन्यासारखा पिंवळा. पण बुरूचा हळद्या त्या दांडग्यासारखा मळकट तपकिरी, डोळ्यांभोंवतीं तसाच काळा डाग, मानेवर तशींच पिसें. जुन्या शास्त्रज्ञांनीं त्याला मधखाऊंतच गणलें होतें. दांडग्याचा पोशाख घातला कीं दुबळ्यालाहि कोणी हात लावीत नाहीं, हें त्यांतलें मर्म.

मित्र बेट्सनें आमेझॉनमधील फुलपांखरांविषयीं हीच गोष्ट १८६२ सालीं प्रसिद्ध केली होती. कांहीं फुलपांखरें चवीला इतकीं वाईट असतात कीं, पक्षी एकदां चाखून पुन्हा त्यांच्या वाटेस जात नाहींत. आणि कांहीं चविष्ट फुलपांखरांचें रूप त्यांच्यासारखें झालेलें असतें. आमच्या खोक्यांतील कोडें येथें सुटतें. आपल्या बागांतून एक काळें फुलपांखरूं उडतें, त्याचें अंग तांबडें, पंखांवर पांढरा डाग व कडेला गुलाबी-तांबडे ठिपके. त्याचे सुरवंट सापसंदाच्या विषारी वेलीवर वाढतात, व तें विष फुलपांखराच्याहि अंगांत राहतें. लिंबावरचें आमचें फुलपांखरूं निरुपद्रवी; परंतु त्याच्या कांहीं माद्या हुबेहूब या विषारी फुलपांखरासारख्या दिसतात, कांहीं दुसऱ्या एका किरमिजी ठिपक्यांच्या विषारी जातीसारख्या, व कांहीं आपल्या नरासारख्याच. पूर्वींच्या पंडितांनीं यांच्या वेगवेगळ्या जाति मानल्या होत्या. या सर्व एकाच जातीच्या माद्या आहेत हें वॉलेसनें १८६४ सालीं लिनियन सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत दाखविलें. सोंग मादीनेंच कां घ्यावें? अंड्यांच्या भारानें तिचें उडणें जड, आणि अंडीं घालतांना तिला पानांभोंवतीं घुटमळावें लागतें. तेव्हां संरक्षणाची गरज तिलाच अधिक, असें त्यानें उत्तर दिलें.

खेड्यांत बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन येतो तेव्हां क्षणभर पाटलाच्याहि छातींत धस्स होतें. पण रोज दहा बहुरूपी येऊं लागले तर खऱ्या फौजदारालाहि कोण भिईल? तसेंच येथें आहे. सोंगाड्या फुलपांखरांची संख्या खऱ्या विषारी फुलपांखरांपेक्षां फार वाढली, तर पक्षी ओळखतात कीं हा खाऊ गोड आहे, आणि सोंगाचें मोल जातें. तीन-तीन रूपें टिकून राहण्यास हेंहि एक कारण आहे. यांतील शेवटचा धागा वॉलेसनंतर दीडशें वर्षांनीं हातीं आला. २०१४ सालीं डॉ. कृष्णमेघ कुंटे व त्यांचे सहकारी यांनीं असें सिद्ध केलें कीं, मादीचें हें सबंध सोंग एकाच जनुकावर अवलंबून असतें, आणि तें जनुक नर-मादी भेद ठरविण्याच्या कामांतलेंच आहे. याच कुळांतील मोठें निळें-काळें फुलपांखरूं २०१५ मध्यें महाराष्ट्राचें राज्य-फुलपांखरूं ठरलें, हें वाचकांना ठाऊक असेलच.

लपणाऱ्या रंगांचें कारण कळलें. पण जे प्राणी मुद्दाम मिरविल्यासारखे भडक असतात त्यांचें काय? नर भडक असेल तर मादीला भुलविण्यासाठीं म्हणतां येईल. सुरवंटाला कोठलें लग्न? हा पेंच डार्विनला पडला, तेव्हां बेट्सनें त्याला वॉलेसकडे पाठविलें. सुरवंट म्हणजे पातळ कातड्याची रसानें भरलेली पिशवी. पक्ष्यानें एकदां चोंच मारली, मग चव वाईट लागून टाकून दिला, तरी तो मेलाच. तेव्हां कडू सुरवंटाला नुसतें कडू असून भागत नाहीं. चोंच मारण्यापूर्वींच आपण कडू आहों हें दुरून ओळखूं यावें लागतें. भडक रंग ही त्याची दवंडी होय. हें उत्तर वॉलेसनें १८६७ मध्यें दिलें तें नुसत्या तर्कानें. पण तेवढ्यावर न थांबतां त्यानें कीटकशास्त्रज्ञांच्या सभेंत पक्षी पाळणाऱ्यांना प्रयोग करून पाहण्याची विनंति केली. दोन वर्षांनीं जेन्नर वीअर या गृहस्थानें आपल्या पिंजऱ्यांतील पक्ष्यांचा अनुभव जाहीर केला. साधे हिरवे-तपकिरी सुरवंट पक्ष्यांनीं फस्त केले, भडक सुरवंटांना बहुतेक तोंड लाविलें नाहीं.

वॉलेसच्या उत्तरायुष्याविषयीं फार लिहीत नाहीं. १८६६ मध्यें त्यानें ॲनी मिटन हिच्याशीं विवाह केला; संसार सुखाचा झाला, पण पैसा कधीं टिकला नाहीं. पदवी नसल्यामुळें कायमची जागा मिळेना. परीक्षेचे पेपर तपासून तो घर चालवी. पृथ्वी सपाट आहे म्हणणाऱ्या एका हेकट माणसाशीं ५०० पौंडांची पैज मारून ती जिंकली, व त्यापायीं कित्येक वर्षें कोर्टकचेरी आणि शिवीगाळ पदरीं घेतली. मृतात्म्यांशीं बोलण्याच्या बैठकींवर त्याचा भरंवसा बसला. देवी टोंचण्याच्या विरुद्ध तर त्यानें पुस्तकें लिहिलीं. जो डोळा पानांतलें फुलपांखरूं ओळखी तो येथें फसला, हें आम्हांस लपवावेंसें वाटत नाहीं. १८८१ मध्यें डार्विनच्याच खटपटीनें त्याला सरकारी वर्षासन २०० पौंड मिळूं लागलें. पुढच्याच वर्षीं डार्विन वारला, तेव्हां त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वॉलेस होता.

अलीला त्यानें १८६२ मध्यें सिंगापूर येथें निरोप दिला तेव्हां बंदुका, दारूगोळा व कांहीं पैसे देऊन दिला होता. पंचेचाळीस वर्षांनीं, १९०७ सालीं, एक अमेरिकन शास्त्रज्ञ तेर्नाते बेटावर उतरला असतां सुरकुतलेला एक म्हातारा पुढें आला व आपलें नांव अली वॉलेस असें त्यानें सांगितलें. त्या भेटीची हकीकत त्या शास्त्रज्ञानें वॉलेसला पत्रानें कळविली, व म्हाताऱ्या वॉलेसचें त्यास उत्तरहि आलें.

१९०८ सालीं इंग्लंडच्या राजाकडून ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा बहुमान वॉलेसला मिळाला. ७ नोव्हेंबर १९१३ रोजीं डॉर्सेट परगण्यांतील ब्रॉडस्टोन येथें, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं, तो झोंपेंतच निवर्तला. वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या मंदिरांत न पुरतां त्याला त्याच गांवच्या साध्या स्मशानांत ठेविलें आहे. कबरीवर पुतळा नाहीं. कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या, दगड झालेल्या एका झाडाचें पुरुषभर उंचीचें खोड उभें केलेलें आहे. पुढच्या वर्षीं ॲनीहि त्याच्याशेजारीं येऊन विसावली.